आच न लागलेलं संत्रं

संत्र्याला आच सोसत नाही. नागपुरात हे कोणी मुद्दाम शिकवत नाही, पण इथल्या घरांचा स्वयंपाक नीट पाहिला की ते कळतं. काटोल, नरखेड, कळमेश्वर, पलीकडे अमरावती जिल्ह्यात वरूड आणि मोर्शी, नुसत्या बागाच बागा. हिवाळा लागला की बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, वळणावळणावर संत्र्यांच्या हातगाड्या. पाहुणा परत निघाला की त्याच्या हातात संत्र्यांची पिशवी. आणि एवढं असूनही चुलीवर चढणारा संत्र्याचा एकही पदार्थ माझ्या आईकडे नव्हता, सासूबाईंकडेही नाही. कैरीचं पन्हं व्हायचं, आवळ्याचा मोरावळा व्हायचा, लिंबाचं गोड लोणचं वर्षभर पुरायचं, कवठाची चटणी व्हायची. संत्रं मात्र सोलायचं आणि खायचं. साली गच्चीवर वाळवून दिवाळीच्या उटण्यात घालायच्या. झालं.

याचं कारण फळाच्या आत आहे. झाडावरून उतरवलेल्या अखंड संत्र्यात कडूपणा नसतो. फोडींवरच्या पातळ पापुद्र्यात आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागात एक द्रव्य असतं, ते जिभेला जाणवतही नाही. पण फळ पिळलं, पापुद्रे फाटले आणि ते द्रव्य आंबट रसात उतरलं की त्याचं हळूहळू लिमोनिन होतं. लिमोनिन कडू. बियांमध्ये तर ते आधीपासूनच असतं, आणि नागपुरी संत्र्याला बिया असतात. म्हणून पिळल्याबरोबर प्यालेला रस गोड लागतो आणि तोच काही तास ठेवला की घशाशी कडवट होतो. आच दिली की तासांचं काम मिनिटांत होतं. रस टिकवायला तो तापवावा लागतो आणि तापवला की कडवट होतो, ही नागपुरी संत्र्याच्या प्रक्रियेतली जुनी अडचण आहे. शिवाय संत्र्याचा वास सालीतल्या तेलात असतो, आणि ते तेल उडून जायला आचेची वाटच पाहत असतं. म्हणजे आचेवर ठेवलेल्या संत्र्याचा वास जातो आणि कडूपणा येतो. आमच्या आज्यांनी यातलं रसायन वाचलेलं नव्हतं. त्यांनी संत्रं चुलीपासून लांब ठेवलं, आणि ते बरोबर होतं.

म्हणून न भाजता, नुसती थंडाव्यात बसवून केलेली पाई आमच्या घरात आली तेव्हा ती मला परकी वाटली नाही. ती आणली माझ्या धाकट्या नणंदेनं. ती फ्लोरिडात असते. हिवाळ्यात माहेरी येते तेव्हा तिच्या सामानात चॉकलेटांपेक्षा कृती जास्त असतात. तिच्या भागात की लाइम पाई घराघरांत होते. २००६ साली फ्लोरिडानं तिला राज्याची अधिकृत पाई ठरवलं. खाली चुरलेल्या बिस्किटांचा तळ, वर कंडेन्स्ड मिल्क आणि लिंबाचा रस. आज बहुतेक ठिकाणी ती थोडा वेळ भाजतात. पण ज्या बेटांवरून तिला नाव मिळालं, त्या फ्लोरिडा कीजच्या टोकापर्यंत समुद्रावरून रेल्वे पोचली ती १९१२ साली. त्याआधी तिथे ताजं दूध आणि बर्फ दोन्ही दुर्मीळ. डब्यातलं दूध मात्र टिकायचं. गेल बोर्डन यांनी दूध आटवून टिकवण्याच्या पद्धतीचं पेटंट १८५६ साली मिळवलं होतं. डब्यातलं दूध, अंड्यातला पिवळा बलक आणि लिंबू एवढ्यावर पाई आपोआप घट्ट होते, भट्टीची गरज पडत नाही. पहिल्यांदा ती कोणी केली यावर तिथे अजून वाद आहे. त्यात मला रस नाही. मला रस आहे तो त्या लिंबात.

नणंदेनं आमच्या फ्रिजमधली लिंबं बघितली आणि म्हणाली, "वहिनी, आम्ही तिकडे ज्याला की लाइम म्हणतो ते हेच. आपलं कागदी लिंबू." मी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पाहिलं. तिचं खरं होतं. जात एकच. पातळ सालीचं, लहान, बियांचं, नाकाला झोंबणाऱ्या वासाचं आपलं कागदी लिंबू आशियातून अरबांच्या व्यापाराबरोबर पश्चिमेला गेलं. तिथून स्पॅनिश लोकांच्या जहाजांतून वेस्ट इंडीजमध्ये आणि पुढे फ्लोरिडाच्या बेटांवर पोचलं. आता जनुकांचा अभ्यास करणारे सांगतात की या लिंबाच्या आईबापांपैकी एक महाळुंग. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे, तेच महाळुंग. चार खंडं फिरून आलेल्या त्या पाईत आपल्या देवीच्या हातातल्या फळाचा वंशज आहे हे कळल्यावर मी तिला परदेशी पदार्थ म्हणणं सोडलं.

मग मला वाटलं, हे सगळं लिंबावर होतंय आणि मी राहते नागपुरात. हिच्यात संत्रं हवं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर दूध आणि संत्री दोन्ही वाया जातात. कंडेन्स्ड मिल्क घट्ट होतं ते आंबटपणामुळे. दुधातलं केसीन नावाचं प्रथिन ठरावीक आंबटपणापर्यंत विरघळलेलं राहतं, सामू ४.६ च्या आसपास उतरला की ते एकमेकांना धरून ठेवतं. कागदी लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल सहा-सात टक्क्यांच्या घरात असतं. पिकलेल्या नागपुरी संत्र्यात ते एक टक्काही भरत नाही. गोडी आणि वास ही संत्र्याची दौलत. दूध बसवायची ताकद त्याच्यात नाही. ती लिंबात आहे. त्यामुळे संत्र्याची पाई करायची तर आधी लिंबाची करावी लागते, आणि संत्रं तिच्यावर येतं.

मला हे फार पटतं. शहराच्या नावाभोवती संत्रं आहे. स्टेशनवर उतरणारा प्रत्येक माणूस संत्र्याचं विचारतो, मुंबई-पुण्याला जाणारे हल्दीरामच्या संत्रा बर्फीचे खोके घेऊन जातात, २०१४ मध्ये नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. लिंबाचं मात्र कोणी नाव घेत नाही. पण पोह्यांवर तेच पिळलं जातं, वरण-भातावर तेच, सावजीच्या रश्श्यावर तेच, उन्हातून आलेल्याच्या ग्लासात तेच. आणि संत्र्याच्या झाडाचं मूळही बहुतेकदा लिंबाच्याच कुळातलं असतं हे बागाईतदार सोडले तर फार जणांना माहीत नसतं. नागपुरी संत्र्याची कलमं जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतात. आपण फळ खातो संत्र्याचं, पण मातीतलं पाणी ओढून आणणारी मुळं आंबट लिंबाची असतात. पाईतसुद्धा तीच रचना आली. तळाचं काम लिंबाकडे, वरची शोभा संत्र्याकडे.

सामान बर्डीवरच मिळतं. आमच्या घरापासून पायी दहा मिनिटं. व्हरायटी चौकातून आत शिरलं की लोहापुलापर्यंतचा तो सगळा मेन रोड, मध्ये मोदीच्या नंबरवाल्या गल्ल्या, कपडे, चपला, भांडी, मोबाइल, आणि त्या सगळ्या गर्दीत कुठेतरी कडेला संत्रीवाला. लोहापुलाखालून पलीकडे गेलं की कॉटन मार्केटची भाजी. आणखी पुढे स्टेशनच्या त्या अंगाला आजही संत्रा मार्केट म्हणतात, घाऊक व्यापार कळमन्याला जाऊन किती वर्षं झाली तरी. मेट्रो आल्यापासून सीताबर्डीच्या स्टेशनात दोन मार्गिका एकमेकींना छेदतात आणि गर्दी वाढली आहे. पण फळवाल्याशी बोलायची रीत बदललेली नाही.

"मृगाचे आहेत का?"

"आता काय आंबिया राहते का ताई? फेब्रुवारी लागला. मृगच आहे. एक खाऊन तर पाहा ना बाप्पा, मग बोला."

हा प्रश्न नागपूरबाहेरच्या माणसाला कळत नाही, म्हणून थोडं थांबते. संत्र्याचे आमच्याकडे दोन बहार. आंबिया बहाराची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत, आंब्याच्या मोहराच्या वेळी येतात, आणि फळं ऑक्टोबरपासून हिवाळाभर उतरतात. मृग बहाराची फुलं मृगाच्या पावसावर, जून-जुलैत, आणि फळं फेब्रुवारी ते एप्रिल. दोन्ही बहार झाडाला तहानलेलं ठेवून मिळतात. शेतकरी महिना-दीड महिना पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात. मग पाणी दिलं की झाड एकदम फुलांनी भरतं. मृगाला हे पाणी आभाळातून यावं लागतं, म्हणून पाऊस लांबला की बहार बिघडतो. मृगाची फळं थंडीभर झाडावर पिकत राहतात. त्यांची गोडी मला आंबियापेक्षा गोलाई असलेली वाटते. पाईसाठी मी मृगाचीच घेते. आणखी एक कारण आहे: तोवर नागपुरात दुपारी ऊन चटकायला लागलेलं असतं आणि फ्रिजमधलं काहीतरी खावंसं वाटतं. आंबियाच्या डिसेंबरात रात्री रजई लागते, तेव्हा गार पाई कोण खाणार!

घेताना फळ घट्ट सालीचं बघायचं. पूर्ण पिकलेल्या नागपुरी संत्र्याची साल फळापासून सुटून पोकळ होते. सोलायला ते सोयीचं, पण किसायला नाही. आपल्याला किसायचं आहे. आणि हल्ली बऱ्याच फळांवर टिकण्यासाठी मेणाचं कोटिंग असतं, म्हणून घरी आणल्यावर कोमट पाण्यात चोळून धुवायची, पुसायची, आणि तासभर फ्रिजमध्ये ठेवायची. गार झालेली साल किसणीवर दाद देते.

किसणं हा या सगळ्यातला माझा सर्वांत आवडता भाग. बारीक किसणी, आणि हात अगदी हलका. केशरी थर तेवढाच उतरवायचा. पांढरं दिसायला लागलं की फळ फिरवायचं, कारण कडूपणाचं बिऱ्हाड त्या पांढऱ्यात आहे. तीन संत्र्यांची आणि दोन लिंबांची साल पुरते. तो कीस दोन चमचे साखरेत घालून बोटांनी चोळायचा. साखरेचे कण तेलाचे फुगे फोडतात, साखर ओलसर केशरी होते, आणि मग जो वास सुटतो तो घरभर जातो. लहानपणी आम्ही भावंडं संत्र्याची साल दुमडून एकमेकांच्या डोळ्यांत उडवायचो, दिवे गेले की मेणबत्तीच्या ज्योतीवर उडवायचो. ज्योतीत तडतड ठिणग्या फुलायच्या. ते तेल हेच. संत्र्याचं खरं अत्तर त्या सालीत असतं आणि आपण ते कचऱ्याच्या बादलीत टाकतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तळासाठी मारी बिस्किटं, दोनशे ग्रॅम. पोळपाटावर फडक्यात बांधून लाटण्यानं कुटायची. मिक्सरमध्ये फार पीठ होतं. शंभर ग्रॅम लोणी पातळ करून त्यात कालवायचं. मूठ आवळली की गोळा राहिला आणि बोट लावलं की फुटला, म्हणजे जमलं. नणंद तिकडे जी गव्हाची करकरीत बिस्किटं वापरते ती इथे सहज मिळत नाहीत, आणि मला त्यांची गरजही वाटत नाही. मारीला स्वतःची गोडी कमी असते, आणि वरचा थर भरपूर गोड आहे. तळ कडा असलेल्या ताटलीत वाटीच्या बुडानं दाबून बसवायचा आणि फ्रिजमध्ये ठेवायचा. लोणी गार झालं की तो दगडासारखा होतो. भाजायची बात नाही.

तोवर लिंबं. कागदी लिंबू लहान, आठ-दहा लागतात, साधारण अर्धा कप रसासाठी. रस गाळून घ्यायचा. चारशे ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा डबा, आणि पाव किलो चक्का. हा चक्का माझी भर. नणंदेच्या कृतीत क्रीम चीज आहे. मी तिला म्हटलं, ज्या घरात रात्रभर दही टांगून ठेवायची सवय आहे त्या घरानं चीज विकत का आणायचं? दुधाला विरजण लावायचं, दही पंचाच्या फडक्यात बांधून मोरीवरच्या खुंटीला लटकवायचं, सकाळी आंबटगोड घट्ट चक्का. श्रीखंडाचं अर्धं काम असं आचेशिवाय, नुसत्या आंबटपणावर आणि वेळेवर होतं. पाडव्याला आपण जे करतो त्याच कुळातला हा पदार्थ. फेटलेला चक्का, कंडेन्स्ड मिल्क आणि केशरी साखर एकत्र केली की वरून लिंबाचा रस धारेनं घालायचा आणि ढवळत राहायचं.

हा क्षण बघण्यासारखा असतो. पातळ, चिकट मिश्रण चमच्याखाली जड व्हायला लागतं. ढवळल्याच्या रेघा आधी मिटत असतात, मग मिटेनाशा होतात. दूध नासतंय, पण फाटत नाही. साध्या दुधात लिंबू पिळलं तर चोथा आणि पाणी वेगळं होतं, कारण तिथे पाणी भरपूर. आटवलेल्या दुधात पाणी कमी, साखर जवळजवळ निम्मी. प्रथिनं एकमेकांना धरतात, पण पाण्याला सुटून जायला जागाच राहत नाही. सगळं गुळगुळीत जागच्या जागी थांबतं.

सासूबाईंना मात्र हे पटत नव्हतं. त्या बाजूला बसून लिंबं चिरून देत होत्या आणि मध्येच म्हणाल्या, "दुधात आंबट घालू नये गं. अंगाला लागतं." त्यांचं म्हणणं उगाच नाही. चरकसंहितेत दूध आणि आंबट फळं विरुद्ध आहारात मोजली आहेत, आणि आमच्या घरात संत्रं खाल्ल्यावर तासभर दूध मिळत नसे. त्या घरातल्या, त्या काळच्या दुधाला जपावंच लागे. एक भांडं नासलं की सकाळचा चहा गेला आणि घरातल्या लहानाचं दूध गेलं. मी त्यांना म्हटलं, "आई, हे दूध पचायच्या आधीच बसलंय. दह्यासारखं." त्यांनी चमचा मागितला, चाटून पाहिला, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वेलची घाल." वेलची मी घातली नाही. संत्र्याच्या वासावर वेलची बसली की संत्रं संपतं. पण पुढच्या वेळी लिंबं चिरायला त्या न बोलावता येऊन बसल्या.

आता वरचा संत्र्याचा थर, आणि इथे आचेची गोष्ट परत येते. रस ओतून तो वडीसारखा बसवायचा तर काहीतरी धरून ठेवणारं हवं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यातून येतं, आमच्या घरी चालत नाही. आणि चाललं असतं तरी नागपूरच्या उन्हाळ्यात ते कामाचं नाही, कारण तीस-पस्तीस अंशांच्या आसपास ते वितळायला लागतं. ताटात वाढेपर्यंत पाणी. चायना ग्रास समुद्रशेवाळाचं. ते चाळीस अंशांच्या खाली बसतं आणि एकदा बसलं की जवळपास पंच्याऐंशी अंशांपर्यंत हलत नाही. मेच्या दुपारी ओट्यावर विसरलं तरी उभं राहील. पण ते विरघळायला उकळावं लागतं, आणि इथेच लोक रसासकट उकळतात. तसं करू नये. रस उकळला की कडवट होतो, आणि आंबट पाण्यात उकळलं की चायना ग्रासची पकडही सैल पडते. अर्धा कप साध्या पाण्यात सपाट चमचाभर पूड घालून ते दोन मिनिटं खळखळ उकळायचं, खाली उतरवायचं, वाफ गेली की मग नुकताच पिळलेला कपभर रस घालायचा. रस फ्रिजमधला नको, नाहीतर गाठी होतात. लोणी पातळ करणं सोडलं तर एवढी एकच आच या पदार्थात आहे आणि ती संत्र्याला लागत नाही.

रस कसा काढायचा तेही सांगते. मिक्सर नाही, यंत्र नाही. ती बिया आणि पापुद्रे भरडतात. संत्रं आडवं कापून हातानं, अर्धवट पिळायचं. शेवटचा थेंब काढायचा हट्ट केला की कडूपणा येतो. उरलेल्या चोथ्यात थोडा रस राहतो, तो तोंडानं चोखून घ्यायला घरात कोणी ना कोणी असतंच. कोमट रस लिंबाच्या थरावर पळीच्या पाठीवरून हळू ओतायचा, म्हणजे खालचा थर खचत नाही. मग सहा तास फ्रिज. खायची ती त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी. संत्र्याचा थर जास्त दिवस ठेवायचा नाही, थंडीतही लिमोनिनचं काम सावकाश चालूच असतं.

पाई बसेपर्यंत मी गच्चीवर जाते. आमच्या गच्चीवरून सीताबर्डीची टेकडी दिसते, तिच्यावरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे आणि वर्षातल्या मोजक्या राष्ट्रीय दिवशी लोकांना आत सोडतात. नागपुरात संत्रं आलं त्याचं श्रेय दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना देतात. त्यांनी औरंगाबादकडून रोपं आणवली असं सांगतात. रघुजीराजे १८१६ च्या मार्चमध्ये गेले. पुढच्याच वर्षी, २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला, याच टेकडीवर भोसल्यांचं सैन्य इंग्रजांकडून हरलं. पुढे राज्यही गेलं आणि झाडं राहिली. नोव्हेंबर हे आंबियाची फळं उतरायचे दिवस. त्या वेळी राजाच्या बागेतली संत्री कोणी उतरवली असतील, हा प्रश्न मला त्या टेकडीकडे बघताना पडतो.

आज बागा लाखो झाडांच्या आहेत आणि त्यांची अडचण वेगळी आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात फळगळ होते, झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडतो. जी फळं टिकतात त्यातली मोठी बाजारात जातात, लहान आणि डागाळलेली मागे राहतात. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं मोठं गिऱ्हाईक होतं. तिथलं आयात शुल्क वाढत गेलं तशी ती वाटही अरुंद झाली. माझ्या माहेरच्या ओळखीतले एक काका काटोलकडचे, त्यांची बाग आहे. ते पाई खाताना म्हणाले, "ताई, तुमी शहरातले लोक डझनभर संत्रे नेता, चार दिवसांनी उरलेले वाळून जातात, अन्‌ मग आमाले म्हणता की संत्रा टिकत नाही. काहून टिकंल? त्याचं काही करता का तुमी?" मला ते लागलं, कारण खरं आहे. आंबा आपण आमरसात, साखरांब्यात, पोळीत, वडीत घातला म्हणून कोकणातल्या लहान, डागी आंब्यालाही मोल आलं. संत्र्याला आपण फक्त फोडी दिल्या. लहान संत्र्याच्या सालीत तेल तेवढंच असतं आणि रस तितकाच गोड. त्याला घरात काही काम दिलं पाहिजे, फक्त आचेशिवायचं. श्रीखंडात सालीची साखर, ताकात सालीचा कीस, बासुंदी पूर्ण गार झाल्यावर वरून सोललेल्या फोडी. हे सगळं आता मी करते आणि भिशीला आलेल्या बायकांना खाऊ घालते. काकांनी परत जाताना लहान फळांचं पोतं पाठवतो म्हटलं होतं. पाठवलंही.

पाई कापायची तेव्हा सुरी गरम पाण्यात बुडवून पुसायची, म्हणजे चायना ग्रासचा थर फाटत नाही. खाली बिस्किटाचा कुरकुरीत खारटपणा, मध्ये लिंबाचा आंबट, दुधाळ थर, वर संत्र्याचा लख्ख गोड गारवा. तिन्ही एका घासात आले पाहिजेत, म्हणून मी तुकडे अरुंद आणि लांब करते. नणंदेला व्हिडिओवर दाखवली तर ती म्हणाली, की तिकडच्या पाईपेक्षा ही हलकी दिसते. दिसतेच. चक्क्यामुळे. तिनं आता तिकडे दही टांगायला सुरुवात केली आहे, आणि तिथल्या बाजारातली की लाइम महाग पडतात म्हणून कुंडीत कागदी लिंबाचं रोप लावलंय.

एक गोष्ट अजून मनात आहे. दिवाळीत पूर्वी आम्ही नानकटाईचं पीठ डब्यात भरून बेकरीत भाजायला नेत असू. घरात ओव्हन कोणाकडे नव्हता आणि अजूनही आमच्या वाड्यात बहुतेकांकडे नाही. बर्डीवर आजही चांगली नानकटाई मिळते, तुपाची, रव्याची, तोंडात टाकली की विरघळणारी. मारीऐवजी तिचा तळ केला तर पाईत भट्टीचा भाजका वास येईल आणि घरात भट्टी लावावी लागणार नाही. तूप तिच्यात आधीच असतं, म्हणून लोणी निम्म्यावर आणावं लागेल, कदाचित त्याहून कमी. साखरही आहे, तेव्हा लिंबू दोन जास्त. सासूबाई म्हणतात की नानकटाईत वेलची असते, मग आता काय करशील? बेकरीवाल्याला विचारून आले आहे. बिनवेलचीची नानकटाई तो शनिवारी काढून देणार आहे.